भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्करच झाली. ती पावसात अर्धी भिजलेली, एका हातात डबा, खांद्यावरून घसरणारी पर्स. तो कानाचा दवाखाना शोधत खाली-वर करणारा. ती "सॉरी" म्हणाली, तर हा तिच्या ओठांकडे असा टक लावून बघत राहिला की तिची कानशिलंच तापली. मग त्याने नुसतीच मान डोलावली... आणि थोड्या वेळाने पेशंट म्हणून तिच्याच समोर हजर!

रिसेप्शनवरच्या मावशींनी लगेच त्याचं नाव ठेवलं – तोफवाला. तोफखान्यातल्या नोकरीने त्याचे कान गेले, असं त्याची थोरली बहीण फोनवर म्हणत होती. फौजेच्या दवाखान्याचे कागद मात्र म्हणत होते, कान ठणठणीत. म्हणून अपंगत्वाचा भत्ता नाकारलेला. आता शेवटचं अपील, आणि त्यात बाहेरच्या खाजगी तज्ज्ञाचा रिपोर्ट जोडता येणार होता. ती तज्ज्ञ म्हणजे ही. दोन वेगळ्या दिवशी तपासणी, मग रिपोर्ट.

काचेच्या खोलीत तो हेडफोन लावून बसला. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. ती आवाज सोडायची, तो बटण दाबायचा, आणि काचेपलीकडून तिच्याकडे बघत राहायचा... एकटक. एक चूक नाही. बहिणीचं आपलं काहीतरीच, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर त्याच्या कानांपेक्षा त्याचे डोळेच तिच्या डोक्यात घोळत होते.

दुसऱ्या खेपेला तिने नवे कानातले घातले. आज काय विशेष, असं मावशींनी विचारलंच. या वेळी मात्र त्याने मधूनच बटण दाबलं नाही, तेही मोठ्या, सोप्या आवाजांना. ती जरा बुचकळ्यात पडली. पण चार-दोन चुकांनी काय होतं?

निघताना तो छत्री विसरला. ती धावत खाली गेली, मागून हाक मारली, मग आणखी मोठ्याने. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, हा नाही. मागून हॉर्न वाजवत टेम्पो आला, तरी याचं आपलं रमतगमत चाललेलं. तिने बाही धरून ओढलं तेव्हा दचकला, हसला आणि मान डोलावली. तिला काचेपलीकडची ती एकटक नजर आठवली.

म्हणजे तो तिला बघतच नव्हता! आवाज सोडताना हलणारा तिचा हात बघत होता. आणि ही बया कानातले मिरवत बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या रिपोर्टाने या माणसाचं अपील पार बुडालं असतं.

ती त्याला परत वर घेऊन गेली. खुर्ची भिंतीकडे वळवली. त्याचा चेहरा उतरला, पण मुकाट्याने बसला. ती आवाज वाढवत गेली. त्याचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला राहिला.

ती आत जाऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिची चाहूल जमिनीतून लागली असावी. हेडफोन काढून तो भिंतीशीच बोलायला लागला.

"कान गेलेल्याला तोफेवरून काढून भांडारात बसवायचे. म्हणून आम्ही सगळेच तपासणाऱ्याचा हात बघून पास व्हायचो. इथे खरं सांगायचं ठरवून आलो होतो... पण तुमच्यासमोर बहिरा म्हणून बसायची लाज वाटली."

बोलता बोलता तो मानेपर्यंत लाल झालेला.

"आज चुकलो ना, तेव्हा हात बघायचा राहून गेला. तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो."

आता लाल व्हायची पाळी तिची होती. ती वळसा घालून त्याच्यापुढे आली, त्याला ओठ नीट दिसतील अशी वाकली.

"हा रिपोर्ट मी लिहिणार नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांकडून नव्याने करून घेऊ. खुर्ची मात्र अशीच राहील."

"तुम्ही का नाही?"

"आपल्या माणसाचा रिपोर्ट आम्हाला लिहिता येत नाही."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. इतकी वर्षं, कळो न कळो, मान डोलावत आलेला माणूस. या वेळी मान काही हलली नाही. डोळे तेवढे हसत होते.

"पुन्हा एकदा म्हणा ना... मला ऐकू आलं नाही."