दोराचे खालचे टोक

बायडाबाईंनी चहाचे कप ओट्यावर ठेवले आणि माझ्या खांद्यावरच्या दोराच्या वेटोळ्याकडे बोट दाखवले.

"ह्यो कुनाला बांधायचा?"

"यांना," मी जस्टिनकडे पाहत म्हणाले.

"आमच्यात बैलाला बांधत्यात. त्यो बी गुनाचा आसला तर न्हाई बांधीत."

जस्टिन मनापासून हसला. "मावशी, लग्न झाल्यापासून ही पुढं आणि मी दावणीला."

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाची, उंबरदांड डोंगराच्या पायथ्याची ती वाडी. ऑक्टोबरची सकाळ होती. खाचरांतला भात पिवळा पडू लागला होता. मी नगरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि विद्यार्थिदशेपासून कडे चढत आले आहे. माझा नवरा जस्टिन एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी करतो. त्याला उंचीची भीती वाटते. तो येतो तो केवळ माझ्यासाठी, आणि हे आम्ही दोघेही बोलून दाखवत नाही.

बायडाबाईंचे यजमान पुंजाराम आम्हाला कातळाच्या तळापर्यंत सोडायला आले. वाटेत जस्टिनचा गुडघा दुखू लागला होता. ते त्यांनी न सांगता ओळखले.

"सायेब, कातळ जमत नसंल तर ह्या अंगानं गवताची वाट हाय. येढा घालून माथ्यावरच जाती."

"बघू," जस्टिन म्हणाला. पुंजाराम माघारी वळले.

आमची पद्धत ठरलेली होती. मी आधी चढायचे, माथ्यावरच्या खिळ्यांना स्वतःला जखडून घ्यायचे, मग खाली बांधलेल्या जस्टिनचा दोर तो चढेल तसा आवळत जायचे. तो घसरला तर त्याचा सगळा भार माझ्या उजव्या हातावर. तो वर पोहोचून, खिळ्यात अडकून, स्वतःच्या तोंडाने "सोड" म्हणेपर्यंत तो हात दोरावरून काढायचा नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हा शब्द ऐकला की माझी बोटे आपोआप उघडतात.

मी वर पोहोचले तेव्हा भंडारदऱ्याचे पाणी दूरवर चकाकत होते. मी हाक दिली. खालून त्याची हाक आली. दोराला ओढ लागली आणि मी तो आवळू लागले.

मग कोकणाच्या बाजूने धुके चढले. आधी पाणी गेले, मग डोंगराची खालची सोंड, मग माझ्या बुटांपुढची कड. वारा थांबला. दोर त्या पांढऱ्या कडेवरून खाली उतरत होता. एवढेच दिसत होते. जस्टिन लयीत चढत होता: थोडा ढिलेपणा, मी आवळायचे, पुन्हा थोडा ढिलेपणा. मध्येच तो थांबला. त्याच्या श्वासाची धाप मला दोरातून कळते असे मी नेहमी म्हणते, आणि तो मला हसतो.

मागे गवत सळसळले.

"झालं, हेलन. सोड आता."

माझी बोटे उघडू लागली होती. मी मान वळवली. जस्टिन हातभर अंतरावर उभा होता.

"तू इथे कसा?"

"गुडघा लईच दुखायला लागला. दोर खाली काढून ठेवला आणि गवताच्या वाटेनं आलो. हाका मारल्या तुला. ऐकू गेल्या नाहीत का?"

तो शांतपणे बोलत होता. त्याला धाप लागलेली नव्हती.

"मग दोराला भार कसला आहे?"

"कपारीत अडकला असेल. सोड, मग उतरताना काढू."

माझ्या हातातला दोर वीतभर ढिला झाला. कुणीतरी एक पायरी चढले होते.

मी तो आवळला.

"हेलन!" खालून आवाज आला. धुक्याने तो दबला होता, तरी तो जस्टिनचाच होता. "घट्ट धर! पाय सरकतोय!"

"ऐकलंस?" मी विचारले.

"काय?" शेजारचा जस्टिन म्हणाला.

मी विचार केला. विचार करणे हेच मला येते. शेजारचा खरा असेल, तर दोर धरून ठेवल्याने कुणाचेच नुकसान नव्हते. खालचा खरा असेल, तर हात उघडताच तो मरणार होता. हिशोब सोपा होता. मी मान पुन्हा कडेकडे वळवली.

"माझ्याकडे बघत का नाहीस?"

मी दोरावरची मूठ आणखी घट्ट केली.

"हेलन. माझ्यावर विश्वास नाही?"

दोराला जोराचा हिसका बसला. खाली दगड सुटून घरंगळत गेले. मी संपूर्ण भार घेऊन मागे रेलले.

शेजारच्याने माझ्या मुठीवर हात ठेवला. एकेक बोट तो हळुवारपणे उकलू लागला, झोपलेल्या मुलाच्या हातून खेळणे काढून घ्यावे तसा.

तो हात उबदार होता. हे मला आजही सर्वांत अवघड वाटते.

मी डोळे मिटले आणि दोर आवळला.

पुन्हा आवळला.

कडेवर एक पंजा आला. सोलवटलेला, रक्ताळलेला. मग दुसरा. जस्टिनचा चेहरा वर आला, मातीने आणि घामाने भरलेला. तो गुडघ्यांवर रांगत आला आणि मला बिलगून लहान मुलासारखा रडला.

शेजारी कुणी नव्हते. तिथले गवत दबलेले होते. एकेक पाते सावकाश उभे राहत होते.

आम्ही गवताच्या वाटेने उतरलो. मी त्याला काही सांगितले नाही. त्याला आणखी भिववण्यात अर्थ नव्हता. बायडाबाईंनी त्याच्या हातांना हळद लावली. "बैल जित्ता आला," त्या म्हणाल्या. तो हसला.

राजूरच्या पुढे रस्ता सरळ झाला. मी गाडी चालवत होते. तो डोळे मिटून बसला होता. मला वाटले, झोपला.

"माथ्यावर तू वळून बघितलंस ना," तो डोळे न उघडता म्हणाला, "तेव्हा मला वाटलं होतं, ऐकशील माझं."

त्याचा श्वास संथ होता. मी गाडीच्या इंजिनाच्या आवाजात तो पुनःपुन्हा ऐकण्याचा प्रयत्न करत राहिले.