ब्राँझमधली मेया

"बाबा, आता हलू का?"

माझ्या भाचीचा, मेयाचा आवाज. माझे केस पिकले, पण तो कानातून गेला नाही.

खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथंच होते. इटलीतल्या सिएनात, भावाच्या कारखान्यात, संत मार्टिनाच्या सणाची दुपार होती...

त्याआधी काही महिने माझा भाऊ लापो चर्चच्या वेदीसाठी मारियामातेचं उठावशिल्प घडवत होता. आधी सगळं मेणात करायचं. त्यावर माती लिंपायची, भट्टीत तापवायची. मेण वितळून जातं, त्या पोकळीत ब्राँझ ओततात.

मेण जातं. रूप राहतं.

मारियेच्या पायाशी छोटा देवदूत हवा होता. लापोनं आपल्या आईवेगळ्या लेकीला समोर बसवलं. मान वळवून, मारियेकडे बघत.

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं."

"नाकाला खाज आली तर?"

"देवदूतांना खाज येत नाही."

"मग मला नाही व्हायचं देवदूत!"

सगळा कारखाना हसला.

त्याच आठवड्यात साथ आली. मेया तापली. घराला बाहेरून कडी लागली. मी आत तिच्यापाशी, लापो बाहेर.

अंथरुणातही पोरीची मान तशीच वळलेली.

"आत्या, बाबानं अजून सांगितलं नाही."

मी दाराशी धावले. "लापो, सांग रे तिला!"

दारापलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

शब्द आला नाही.

ती तशीच गेली.

पुढे ब्राँझ ओतलं. सणाच्या दुपारी मी कोपऱ्यात चेस्टनट भाजत होते. कारागीर बेत्तोनं देवदूताच्या गालाला कानस लावली.

किर्र... किर्र...

मग चेस्टनट तडतडायचे थांबले. खाली जाळ होता, पण आवाज नव्हता.

"उस्ताद, काही म्हणालात?" बेत्तोनं विचारलं.

लापोनं नाही म्हणून मान हलवली.

बेत्तोनं पुन्हा कानस उचलली...

"बाबा... आता हलू का?"

कानस खाली पडली. बेत्तोचा हात देवदूताच्या गालावर होता. तो माझ्याकडे वळला. "तानाताई... हा गाल तापलाय."

भट्टी कधीची थंड होती.

"हात लावू नकोस तिला!" लापो ओरडला. "तोंड घासायचं नाही. शिल्प देणारच नाही मी. इथंच राहील ती, माझ्यापाशी."

"बाबा..." आवाज आता दमलेला होता.

मला राहवलं नाही. "लापो, पोर अवघडलीय रे."

आज ते शिल्प वेदीवर आहे. त्यातला देवदूत मारियेकडे बघत नाही, दाराकडे बघतो. मेणात तसं नव्हतं, ओतल्यावरही नव्हतं. बेत्तो मरेपर्यंत शपथेवर सांगायचा. मी अजूनही त्या वेदीपुढे एकटी जात नाही.

त्या दुपारी लापो गुडघ्यांवर बसला. त्या तापल्या गालाला त्यानं गाल लावला. मग तिच्या कानाशी म्हणाला...

"हल, बाळा. आता हल."