शिंप्याचं दुसरं लग्न

चष्म्याच्या दुकानवाल्या बाई आल्या त्याच भांडायच्या तयारीत. पर्स टेबलावर आपटली, खुर्ची ओढली नि म्हणाल्या, "मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. माझ्या आजोबांनी इथे येऊन दुसरं लग्न केलं की नाही?"

खाजगी तपासाचा धंदा सासूबाईंचा. जावईबापू त्यांची गाडी चालवायचे, फोटो काढायचे नि वर बोलणी खायचे.

तर प्रकरण असं. बाई ज्यू. त्यांची आई जाऊन वर्ष होत आलेलं, कबरीवर दगड बसवायची वेळ झालेली. त्यांच्यात दगडावर माणसाच्या नावाबरोबर बापाचं नावही कोरतात. पण आई बजावून गेलेली, त्या माणसाचं नाव माझ्या दगडावर नको. 'तो माणूस' म्हणजे तिचा शिंपी बाप. ती रांगत होती तेव्हा हा बोटीनं इकडे यायला निघाला. बोलावून घेतो म्हणाला, नि गप्पच झाला. काही वर्षांनी गावात बातमी आली, तिकडे त्याला बायको आहे, मुलगा आहे. आजीनं त्यावर ना हो म्हटलं, ना नाही. आई मात्र जन्मभर धुमसत राहिली.

"दगड कोरणारा रोज माझं डोकं खातोय," बाई म्हणाल्या. "आजोबांनी खरंच टाकलं असेल तर त्यांचं नाव गेलं मसणात. पण नसेल टाकलं तर?"

सासूबाईंनी विचारलं, आजीचं पुढे काय झालं. आजीनं पुन्हा लग्न केलं, सिनेगॉगमध्ये, चारचौघांत. बऱ्याच वर्षांनी सगळे इकडे आले. सावत्र आजोबा कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या घराण्यातले. त्या घराण्याचाच ताप झाला, बाई वैतागून सांगायला लागल्या. या सावत्र आजोबांच्या मुलाला, म्हणजे बाईंच्या मामाला, एका घटस्फोटितेशी लग्न करायचं होतं, तर धर्मगुरूंनी उभंच केलं नाही. कोहेनांना घटस्फोटिता चालत नाही म्हणे. विधवा चालते. मामा बिचारा तसाच राहिला.

"आणि तुमचं नाव कुणावरून ठेवलं?" सासूबाई.

पणजीवरून, बाई म्हणाल्या. ती गेली नि मग त्या जन्मल्या. त्यांच्यात गेलेल्या माणसाचंच नाव ठेवतात. जिवंत माणसाचं ठेवलं तर त्याच्या आयुष्यावर बेततं असं मानतात.

जावईबापूंना वाटलं, सासूबाई नुसता वेळ काढतायत.

मग सुरू झाल्या नोंदणी कचेरीच्या चकरा. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी खिडकी चुकली. तिसऱ्या दिवशी खिडकी बरोबर, तर कॉम्प्युटर बंद. जावईबापूंचा पारा असा चढला की सासूबाईंनी त्यांना बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

शेवटी कारकुनानं कपाळाला आठ्या घालत सगळं काढून दिलं. शिंपी बोटीतून उतरलेला: तेच नाव, तेच गाव. दोन वर्षांनी लग्न, तेही स्वतःला अविवाहित सांगून. मग मुलगा. या घरानं मला छळलंय, कारकून कुरकुरला. बाप-लेकाचं नाव एकच, त्यामुळे दोघांचे कागद कायम एकमेकांत घुसलेले.

"झालं की मग," जावईबापू गाडीत म्हणाले. "टाकली बायको, केली दुसरी. उगाच पेट्रोल जाळतोय आपण."

"तुम्ही सिग्नल बघा," सासूबाई म्हणाल्या.

त्या मुलाचा मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, डोळ्याला भिंग, मान वर करायला तयार नाही. आजोबा भला माणूस होता, म्हणाला. दुसरी बायको वगैरे सब झूट. आजी घरात त्यांना भलत्याच नावानं हाक मारायची, लाडाचं असेल. आजोबांना भावंडं? एक भाऊ होता, तो बोट सुटायच्या आधीच बंदरावर तापानं गेला. बस, आता कामं पडलीत माझी.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई चष्मेवाल्या बाईंना घेऊन त्याच दुकानात हजर. घड्याळवाल्यानं तोंड वाकडं केलं. सासूबाई खुशाल स्टूल ओढून बसल्या.

"बाई, तुमच्या आजीला पुन्हा लग्न करायला दोनच वाटा होत्या. आधीच्या नवऱ्याशी घटस्फोट, नाहीतर त्याचा मृत्यू. घटस्फोट असता तर कोहेनाशी लग्न लागलंच नसतं. तुमच्या मामाला विचारा. म्हणजे आजी विधवा होती, नि हे तिलाही माहीत होतं, लग्न लावणाऱ्यालाही."

"पण शिंपी तर इथे उतरला," जावईबापू म्हणाले. "कागद आहेत."

"कागद उतरले, जावईबापू. त्यांच्याबरोबर उतरलेला माणूस कोण होता? तुमच्या त्या शिंप्यानं स्वतःच्या मुलाला स्वतःचंच नाव दिलं. यांच्यात जिवंत बाप असं कधीच करणार नाही. त्या नावाचा खरा मालक आधीच गेलेला असेल, तरच ते बाळाला मिळेल. बंदरावर भाऊ गेला म्हणतात. गेला तो थोरला, खरा शिंपी, बाईंचा आजोबा. बोटीत चढला धाकटा, मेलेल्या भावाच्या कागदांवर. म्हणून तो खरोखरच अविवाहित. नि बायको घरात त्याला हाक मारायची ते लाडाचं नव्हे, त्याचं खरं नाव."

घड्याळवाल्यानं भिंग काढलं.

"माझ्या आजीनं मरताना सांगितलं होतं," तो म्हणाला. "धाकटा नुसता पोचवायला गेला होता. वहिनीला कळवलं त्यानं, पण पकडला असता तर परत पाठवला असता, म्हणून बजावलं, कुणाला बोलू नकोस, पोरीलाही नको. लहान पोर, कुठेही बोलून जाईल."

"आणि पोर मोठी झाल्यावर?" बाई उसळल्या. "तीही म्हातारी झाल्यावर? शिव्या देत गेली माझी आई त्यांना. आजीला एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

सासूबाईंनी आपला रुमाल त्यांच्यापुढे केला.

बाईंनी नाक पुसलं. "आजोबांना पुरलं कुठे?"

"बंदरावरच. तापानं गेलेल्या सगळ्यांना एकत्र. दगड नाही."

बाईंनी फोन काढला, दगड कोरणाऱ्याला लावला. "नाव सांगते, लिहून घ्या. हो, वडिलांचंच. नि ते आईच्या नावापेक्षा मोठं कोरा. रीत नाही, माहीतंय मला. दोघांत मिळून एकच दगड आहे."