ब्रश पुसायचा कागद

शाळेच्या जिन्यात ती उलट्या पावलांनी चढत होती. चेलो वर न्यायचा तर दुसरा मार्ग नसतो. व्हायोलिनची ही थोरली बहीण उंचीला जवळजवळ माणसाएवढी, आणि तिच्यावर पुन्हा काळी टणक पेटी. एकेक पायरी पायाने चाचपत, पेटी मागे ओढत ती दुसऱ्या वळणावर पोचली, तेव्हा वरून आवाज आला.

"अहो, कपाट आज कशाला चढवताय? शाळा चालू आहे."

तिने वळून पाहिलं. तिच्याबरोबर पेटीही वळली आणि वरून उतरणाऱ्या त्या गृहस्थाच्या हातातल्या बादलीवर आदळली. पिवळं पाणी पेटीवरून, पायरीवरून आणि तिच्या चपलांवरून निवांत वाहत गेलं.

"धुतलं की जाईल," तो म्हणाला.

"खरंच?"

"नाही. पण असं म्हणायची पद्धत आहे."

कठड्याला लोंबकळून चौथीची पोरं हे सगळं कान देऊन ऐकत होती. त्यामुळे दोघांची नावं तिथल्या तिथे पडली. ती कपाटताई आणि तो बादलीदादा. पुढे मुख्याध्यापिकाही चुकून तसंच म्हणायला लागल्या.

योजना कलाकेंद्राची होती. ज्या शाळांत संगीत आणि चित्रकला फक्त वेळापत्रकात असतात, तिथे आठ बुधवार एक वादक आणि एक चित्रकार पाठवायचा. एकाने समोर बसून वाजवायचं, दुसऱ्याने पोरांना ऐकता ऐकता रंगवायला लावायचं. जोड्या केंद्राने परस्पर लावल्या होत्या. तिने हो म्हटलं ते वेळ जावा म्हणून. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाची परीक्षा देऊन ती निकालाची वाट पाहत होती. ती मावशीकडे राहायची, आणि मावशीचं म्हणणं, वाट पाहायची तर बाहेर जाऊन पाहा, घरात माझं डोकं खाऊ नकोस.

वर्गात चाळीस पोरं होती आणि ओल्या रंगाचा वास होता. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि तारा जुळवायला लागली. दोन दोन तारांवर एकदम गज फिरवायचा, खुंटी पिळायची, पुन्हा फिरवायचा. वर्ग चिडीचूप झाला. ती थांबली तशा टाळ्या पडल्या, आणि त्यात सगळ्यात मोठ्या टाळ्या बादलीदादाच्या होत्या.

तिने खुलासा केला नाही. खरी रचना वाजवायला घेतली. ती बारा मिनिटांची होती, आणि सहाव्या मिनिटाला दोन पोरांनी एकमेकांची नाकं रंगवली.

नंतर तो कागद गोळा करत जवळ आला. "पहिलं वाजवलंत ना, ते फारच आवडलं. दुसरं जरा... लांबलं."

"पहिल्यात मी तारा जुळवत होते."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे ते गाणं नव्हतं?"

"चौदा वर्षं शिकले आहे मी," ती म्हणाली. "त्यातलं तुम्हाला नेमकं तेवढंच आवडलं."

जिना उतरेपर्यंत ती गंभीर राहिली. खाली फाटकापाशी मात्र तिला हसू आवरेना.

बुधवार जात राहिले. तो बोलायला कमीच होता, पण येताना दोन्ही बादल्या वर ठेवून पेटी घ्यायला खाली यायचा. मागच्या टेबलावर तो कागदाची एक गुंडाळी उलगडायचा आणि तिथे उभा राहून ब्रश चालवत असायचा. आठवड्याला हातभर कागद भरला की उरलेला पुन्हा गुंडाळून ठेवायचा. ती समजून चालली की त्याचं स्वतःचं चित्र चाललंय. पाहायला मागायचा धीर झाला नाही. आपण त्याला आवडावं असं तिला वाटायला लागलं होतं, आणि असं वाटायला लागलं की साध्या गोष्टीही मागता येत नाहीत.

"आज पहिलं जरा जास्त वेळ वाजवा," तो कधीतरी म्हणायचा.

"आज तारा जुळलेल्याच आहेत."

"मग बिघडवा थोड्या."

सहाव्या बुधवारी निकाल आला. तिची निवड झाली होती. मुख्याध्यापिकांनी ते भर वर्गात सांगून टाकलं आणि पोरांनी बाकं बडवली.

"अभिनंदन," तो म्हणाला. "कधी... निघणार?"

"पुढच्या महिन्यात."

"छान. छानच झालं."

एवढं बोलून तो मागच्या टेबलाशी गेला आणि तास संपेपर्यंत पाठमोरा उभा राहिला. तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून रागही आला. सातव्या बुधवारी पेटी तिने एकटीनेच वर नेली.

आठव्या बुधवारी सभागृहात पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, पालक यायचे होते. तो आणखी टाचण्या आणायला बाहेर गेला असताना तिला कोपऱ्यात ती गुंडाळी दिसली. एवढी भिंत मोकळी, आणि ह्या माणसाचं चित्र कोपऱ्यात! तिने शिपायाला हाताशी घेऊन अख्खी गुंडाळी भिंतभर लावून टाकली. मुख्याध्यापिका चष्मा वर-खाली करत त्या कागदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

तो आला आणि दारातच थबकला. "हे कुणी लावलं?"

"मी. का? इथलं सगळ्यात चांगलं चित्र आहे."

"तो ब्रश पुसायचा कागद आहे."

आधी ती हसली. म्हणजे फिटंफाट झाली. मग ती कडेकडेने चालत नीट पाहायला लागली. पहिल्या बुधवारी पिवळा होता, तिच्या पेटीवरचाच. पुढे निळे फटकारे, दोन दोन, एकमेकांकडे झुकत गेलेले.

"तुम्ही तारा जुळवता तेव्हा मी ब्रश पुसत असतो," तो मागून म्हणाला. "हात आपोआप तसाच जातो."

सहाव्या बुधवारी रंग असा नव्हताच. एकाच जागी घासून घासून कागदाला भोक पडलं होतं.

"इथे काय झालं?"

"कागद पातळ होता."

"सगळीकडे हाच कागद आहे."

तो हातातल्या टाचण्या मोजायला लागला. तेवढ्यात पालक आत आले आणि मुख्याध्यापिकांनी तिला खुर्ची दाखवली.

ती बसली. डोळे न मिटताच तारा जुळवायला लागली. दोन तारा, मग पुढच्या दोन. घाई केली नाही. चौथी तार जुळली, गज खाली आला, आणि शांत सभागृहात एकट्याच्या टाळ्या वाजल्या. तो भिंतीपाशी, त्या भोकाशेजारी उभा होता. ह्या वेळी त्याला पक्कं ठाऊक होतं की हे गाणं नव्हे. पालक चमकून बघायला लागले. त्याचे कान लाल झाले होते, पण टाळ्या थांबल्या नाहीत. मग पोरांनी त्याला साथ दिली.

पुढची बारा मिनिटं आपण काय वाजवलं हे तिला नंतर आठवेना.

सभागृह रिकामं झाल्यावर तो पेटी उचलायला आला.

"तिकडे साठ जण एकदम तारा जुळवतात," ती म्हणाली.

"साठ?"

"रोज. कार्यक्रमाच्या आधी."

त्याने पेटीवरचा पिवळा डाग अंगठ्याने उगाचच पुसून पाहिला. "तिकडे शाळा असतील ना?"

"असतीलच की."

"मग मी येतो. बादल्या काय, कुठेही मिळतात." तो थांबला. "तुझ्याशिवाय मला बुधवार नको आहेत."

तो तिला 'तू' म्हणाला, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने पेटीचं दुसरं टोक धरलं.

"आणि कार्यक्रमाला येशील?"

"पहिलं ऐकायला नक्की."

"आणि पुढचं?"

"पुढचंही बसून ऐकेन," तो म्हणाला. "कितीही लांबू दे."