शिरूरच्या काचेतला माझा फोटो

दुपारची पंगत उठली होती. मी परात घासत होते, तेवढ्यात एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पांढरे केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी. ताट मिळेल का म्हणाला. कुरकुंभ रस्त्यावर माझी खानावळ बावीस वर्षं चालू आहे, पण दोननंतर मी देवालासुद्धा वाढत नाही. तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणाला, शिरूरहून गाडीवर आलोय, अर्धी भाकरी पुरे. आवाजात लाचारी नव्हती... म्हणून बसवलं.

जेवताना त्यानं विचारलं, कागद कारखान्याच्या चाळीतलं कुणी ओळखता का. मी म्हटलं, ओळखते म्हणजे काय, एकोणीस वर्षं राहिलेय. कारखाना कधीच बंद पडला, चाळही आता पाडणार होते, पण तिथली तीसही घरं मला तोंडपाठ. मग त्यानं हात धुऊन पिशवीतून फोटोंची चळत काढली.

कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची. वर्षातून तेवढ्याच एका दिवशी बायकापोरांना गेटच्या आत सोडायचे. झेंडूचे हार घातलेल्या मशिनीपुढं एकेका कामगाराच्या घरादाराचा फोटो निघायचा. हे तेच फोटो. मी नावं घेत गेले... आणि एका फोटोवर हात थांबला. सव्वीस वर्षांची मी. रिळाच्या मशिनीवर कोपर टेकून, मान वर करून हसतेय. शेजारी नवरा, तोही अर्धाच आलेला.

या फोटोनं काय केलं ते मी त्याला सांगितलं. शिरूरच्या फोटोवाल्यानं तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. पाबळचे चुलतसासरे बाजाराला गेले, त्यांनी पाहिला. परक्या गावात सुनेचा चेहरा टांगलाय म्हणून घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. सासूनं शपथ घातली. तेव्हापासून चौतीस वर्षं मी कॅमेऱ्यापुढं उभी नाही, लेकाच्या लग्नातसुद्धा नाही.

"तो फोटोवाला एकदा गावू दे," मी म्हटलं. "ह्याच उलथन्यानं सोलते त्याला."

त्यानं ताट बाजूला सारलं. "घ्या मग उलथनं. मीच तो. हौसराव."

मला हसू आलं होतं... ते गिळलं. "काचेत कशापायी लावला?"

"बाकी समदे मशिनीपुढं नोकरासारखे उभे राह्यचे. तुम्ही मालकिणीसारख्या उभ्या व्हता."

"आन् माझा नवरा अर्धा कापला, तो?"

"ते —" त्यानं तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. "ते चुकलं. काढतानाच कळलं व्हतं, चुकतंय."

खंडेनवमीला चाळीच्या अंगणात हे फोटो मांडायचे, मग चाळ पाडायची, असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं. त्याच्याकडं फोटो होते, नावं माझ्याकडं. म्हणून दर गुरुवारी तो यायला लागला. दोननंतर. आणि मी ताट झाकून ठेवायला लागले.

मी तिसरी शिकलेली. मी सांगायची, तो फोटोमागं लिहायचा. एकदा त्यानं लिहिलं, अमक्याची पत्नी. मी खोडायला लावलं. बाईला नाव नसतं का, म्हटलं, लिहा नीट. तो निमूट खोडायचा आणि मिशीत हसायचा. शाई वाळेपर्यंत बोलणं व्हायचं. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्याबद्दल तो मायेनं बोलला, ते मला आवडलं. मीही सांगितलं, माझे बबनराव अकरा वर्षांमागं गेले, माणूस चांगला होता, फक्त आईपुढं त्याला वाचा नव्हती.

एका गुरुवारी तो चष्मा सदऱ्यानं पुसत होता, काचा आणखी मळत होत्या. मी पदराचं टोक पुढं केलं. त्यानं पुसला... आणि टोक सोडायला जरा उशीर केला. मीही ओढलं नाही.

शेवटच्या फोटोवर नाव लिहून झालं, तेव्हा तो म्हणाला, "नावं संपली. आता कोणत्या निमित्तानं येऊ?"

"निमित्त लागतंय व्हय?"

"मला न्हाई लागत. गावाला लागतं." मग खाली बघून म्हणाला, "लग्न करू, सुवर्णाबाई. रीतसर, चार लोकांत."

साठाव्या वर्षी माझे कान तापले. खंडेनवमीला सांगते म्हटलं आणि भांडी आवरायला लागले, घासलेलीच.

ज्ञानेश, माझा लेक, रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्याला कुणीतरी सांगितलंच. म्हणाला, आई, लोक बोलतात. मी विचारलं, कोण कोण. त्यानं चार नावं सांगितली, चौघंही माझ्या हातचं जेवून मोठे झालेले. मग तो म्हणाला, आता तो माणूस दिसला तर मी गौतमीला घेऊन रांजणगावला खोली करतो. गौतमी, माझी सून, कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मी कुठं जात नाही, तुम्हाला खोली हवी तर तुम्ही बघा.

खंडेनवमीला अंगण भरलं. फोटो दोरीला लागले, माणसं बोटं दाखवून हसली, रडली. शेवटी सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. हौसरावांनी कॅमेरा मांडला. आमच्या चाळीची रीत अशी, की जोड्या पुढं खुर्च्यांवर बसतात, पोरं खाली, आणि नवरा गेलेल्या बायका पार मागं, कडेला. कुणी सांगत नाही. पाय आपोआप जातात. माझेही दोन पावलं गेले.

मग मला माझाच राग आला. मी वळले आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

कुणीतरी हळूच म्हणालं, काकू, तिथं जोडीनं बसतात.

"ठाऊक हाय," मी म्हटलं, आणि शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "हौसराव, या. बसा."

त्यांचा हात कॅमेऱ्यावरच राहिला. "मग फोटू कोण काढंल?"

"ज्ञानेश काढंल."

लेकाचं तोंड विटेसारखं लाल. मी त्याच्याकडं सरळ बघितलं.

"ज्ञाना, तुझ्या बापाची जागा मी कुणाला दिली न्हाई. ही माझी जागा हाय. कॅमेरा धर, न्हाईतर घरी जा. मी दोन्हीला तयार हाय."

त्यानं एकदा घरच्या वाटेकडं बघितलं. मग आला. हौसराव बटण दाखवायला लागले, तर त्यांच्याकडं न बघता म्हणाला, कळतंय मला. हौसराव येऊन माझ्या शेजारी बसले, गुडघे जुळवून, पहिलीतल्या पोरासारखे.

"हे उत्तर समजू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता काय लिहून देऊ व्हय?"

"आई," ज्ञानेश तिकडून म्हणाला, "कॅमेऱ्याकडं बघ."

मी बघितलं नाही. मी हौसरावांकडं बघत होते. काढला त्यानं तसाच.