मेदभक्षी

काचेपलीकडे निवृत्त मुख्याध्यापक दिगंबर सावरगावकर शांतपणे कंपाउंडरचे डोके पलंगाच्या दांड्यावर आपटत होते. चौथ्या खेपेला कंपाउंडरने विरोध सोडला. एरवी सावरगावकर रांगेतसुद्धा कुणाला धक्का लागू देत नसत.

डॉ. इरावती धामणस्कर यांनी प्रयोगकक्षाचे कुलूप पुन्हा तपासले. ‘मेदभक्षी’ हे जंतू त्यांनीच घडवले होते. यकृतावर चरबी चढली की मेंदूही मंदावतो. जंतूंनी ती खाल्ली की स्मरणशक्ती लख्ख होते. बाईंनी परवाच स्वतःला टोचून घेतले होते.

“यकृत रिकामं झालं की ते वर चढतायत,” सहकारी डॉ. घोलप म्हणाले. “चरबीची पुढची खाण मेंदूच, बाई. रागाचा लगाम धरणाऱ्या पेशींवर आधी बसतात.”

“पण उपाशीपोटी चाचणी झाली होती. चाळीस जण, दोन दिवस उपवास. कुणी साधी शिवी दिली नाही.”

घोलपांनी त्या चाळिसांतल्या सिंधूताईंना फोन लावला.

“उपवास अगदी कडक केला हो,” सिंधूताई दुखावल्या. “खिचडी, तुपातली रताळी, दाण्याची आमटी, साबुदाणेवडे. बाकी कशाला हात लावला असेल तर शपथ.”

घोलपांनी फोन ठेवला. “त्या चाळिसांनंतर आलेल्या सावरगावकरांनी मात्र सूचना वाचली. नुसतं पाणी घेतलं.”

“मीही,” इरावतीबाई म्हणाल्या. “दोन दिवस.”

घोलपांनी लगबगीने आपला डबा उघडला. “ही खिचडी खा. तूप रक्तात उतरलं की अर्ध्या तासात जंतू खाली येतील. फक्त अर्धी मला ठेवा, मलाही टोचलंय.”

‘अर्धी’ हे बाईंना पटले नाही. हाताशी असलेला सूक्ष्मदर्शक चांगला आठ किलोचा होता. पहिल्या फटक्यात चष्मा फुटला, दुसऱ्यात जबडा. घोलपांचा लगाम शाबूत होता. त्यांनी हात उचलला तो फक्त तोंडावर घ्यायला. “अहो बाई,” ते म्हणत राहिले. शेवटपर्यंत ‘अहो’ सुटले नाही.

बाई स्टुलावर बसून जेवल्या. मीठ कमी होते, म्हणून मध्येच उठून त्यांनी आणखी एक फटका मारला.

अर्ध्या तासाने जंतू खाली उतरले. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि फरशीकडे पाहिले. औषध उत्तम लागू पडले होते. सातपैकी एकही फटका त्या विसरल्या नव्हत्या.