आयोवातली बाई

"जिन्यात पडलीय मॅडम. माझी मेव्हणी आहे." फोनवर राजेश सावंत सांगत होता.

मनवा पडली नव्हती. तिच्या गळ्याभोवती हेडफोनची वायर होती. इन्स्पेक्टर शेफालीने वाकून पाहिलं आणि आलेल्या गर्दीला मागे लोटलं.

लोअर परळच्या टॉवरमधलं ते ऑफिस पहाटे भरायचं, कारण तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते. मुलंमुली आयोवातल्या लोकांना फोन करून विचारत, अध्यक्षपदासाठी तुमचा कौल कुणाला? आयोवा सर्वांत आधी कौल देतं. तिथले आकडे घसरले की उमेदवार घरी बसतो. राजेश इथला मॅनेजर. मनवाचं काम मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून खरीखोटी पारखायचं.

मनवा मेली त्या वेळी जागेवर नव्हता तो फक्त फोन करणाऱ्या पोरांतला वैभव.

"कुठे होतास?" शेफालीने विचारलं.

"खाली. चहाला."

"मनवाशी वाजलं होतं तुझं."

"माझे कॉल उडवायची. सगळ्यांसमोर बोलायची, वैभ्या, तुझ्या आयोवात सगळी म्हातारी एकसारखीच खोकतात."

"म्हणजे कॉल खोटे होते."

"थोडे. तिकडे फोन उचलतो कोण मॅडम? आणि टार्गेट तर द्यायचंच असतं." त्याने मान खाली घातली. "पण त्यासाठी जीव घेईन का मी?"

राजेशच्या केबिनला धुरकट काच होती. मागचं दार जिन्यात उघडत होतं.

"मी मुलाखत घेत होतो," तो म्हणाला. "माणसं कमी होती, स्वतःच बसलो. रेकॉर्डिंग आहे, वेळेसकट."

"नंबर कुणाचा?"

"मतदारांचे नंबर गुप्त असतात. आम्हालाही दिसत नाहीत."

शेफालीने हेडफोन चढवला. राजेश प्रश्न विचारत होता. मार्था नावाची बाई सावकाश उत्तरं देत होती. दाराशी बर्फ साचलाय, आजोबांचं शेत अजून नवरा कसतो, उमेदवार सगळे सारखेच. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाई हसली, चर्चमधल्या जेवणाचं सांगू लागली. मुलाखत लांबलचक होती. मनवा मेली ती तेवढ्या वेळातच.

राजेशची बायको श्रेया ही मनवाची थोरली बहीण. कंपनीतल्या पोरांना अमेरिकन उच्चार तीच शिकवायची. घरी ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"मनवा काही बोलली होती?"

"म्हणाली, ताई, मी एक मोठं काम करणार आहे, रागावू नकोस. मीच चिकटवलं होतं तिला तिथे." श्रेया थांबली. "आईला पडली, दवाखान्यात आहे एवढंच सांगितलंय. कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी तिच्यासमोर जाऊ शकत नाही."

वरिष्ठांनी वैभवला अटक करायला सांगितलं. शेफाली एक दिवस मागून घेऊन शीव कोळीवाड्यात घरी आली. टीव्ही मोठ्याने लागला होता. तिची आई पुतळाबाई मोरीत बोंबील साफ करत होती.

"शेफाली, किती झाल्या गो?"

"तीन."

कुकरखालचा गॅस बंद करताना शेफालीचा हात थांबला. शिट्ट्यांकडे तिचं तर लक्षच नव्हतं. तरी आकडा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राजेशच्या घरी, नवराबायकोसमोर, ती मुलाखत लावली. शिट्टी झाली तिथे थांबवली.

"तुमच्या ऑफिसात चूल नाही. मग हा कुकर कुणाचा?"

"आपल्याकडची बाई असेल. खूप असतात तिकडे," राजेश म्हणाला.

"आजोबांच्या शेतावरची मार्था? असेल. म्हणून उच्चार शिकवणाऱ्या बाईंना विचारतेय."

श्रेया नवऱ्याकडे बघत होती. "ही मी आहे," ती म्हणाली. "रविवारी. नव्या पोरांना नमुना हवा म्हणालास. मी डाळ लावली होती."

"मनवाने निम्म्या मुलाखती बनावट पकडल्या, तिच्या नोंदींत आहे सगळं," शेफाली म्हणाली. "ती अमेरिकेत, तुम्हाला काम देणाऱ्यांना कळवणार होती. तुम्ही केबिन आतून लावलीत, स्वतःच्याच दुसऱ्या फोनला कॉल केलात, हे रेकॉर्डिंग वाजत ठेवलंत आणि मागच्या दाराने गेलात. मी हे ऐकलं, तुम्हीही ऐकलं असणार. पण आपल्या कानांना शिट्टी खटकत नाही. आपण ती नुसती मोजतो. आयोवातल्या कुणीही पहिल्याच वेळी विचारलं असतं, हे काय वाजलं?"



"तेच आकडे काल छापून आले," राजेश म्हणाला. "एक उमेदवार बाहेरही पडला. कुणाला काय फरक पडला? मनवालाच तेवढी घाई होती."

"तिला तू विचारलं असतंस," श्रेया म्हणाली, "तर माझ्यासाठी गप्प बसली असती ती."

"विचारलं होतं. नाही बसली." तो शेफालीकडे वळला. "मला नेताय ना? मग हिलाही घ्या. आवाज हिचा आहे."

श्रेयाने चपला पायात सरकवल्या.

"जबाब देते. पण आधी करी रोडला चला. आईला सांगताना हा समोर हवा."

नियमात बसत नव्हतं. शेफालीने ड्रायव्हरला गाडी करी रोडला घ्यायला सांगितली.

चाळीत श्रेयाच्या आईने, गंगुबाईंनी, दार उघडलं. मागे उभे पोलीस त्यांना दिसले नाहीत. जावयाला पाहून त्यांनी पदर सावरला.

"राजेशराव, एवढ्या सकाळी? पोरीसाठी तुमचीच धावपळ चाललीय. बसा, चहा टाकते."

"चहा नको, आई," श्रेया म्हणाली. "तू बस."